अठ्ठावीस वर्षांची दोन जहाजे

५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९६४ पासून ही प्रथा सुरू आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या भंडारा जिल्ह्यात तो कुणाच्या ध्यानात नसतो, आणि नसला तर त्यात नवल नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत त्याबद्दल एक ओळ असते: १९१९ साली या दिवशी ‘एसएस लॉयल्टी’ हे भारतीय कंपनीचे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. मुले ती ओळ पाठ करतात आणि पुढे जातात.

त्या ओळीत एक गोष्ट राहून जाते. ते जहाज सेकंडहँड होते. दोन मालकांच्या हातांतून आलेले आणि २८ वर्षे पाण्यात वापरलेले. ज्या प्रवासाचा आपण दरवर्षी गौरव करतो, त्याची सुरुवात जुने जहाज विकत घेण्याच्या व्यवहारातून झाली. हा व्यवहार कसा झाला, पुढे त्याचे काय झाले आणि तशाच दुसऱ्या एका व्यवहाराचा शेवट अगदी वेगळा का झाला, हे आज सांगायचे आहे. हा प्रश्न आता मुंबईचा किंवा नौदलाचाच राहिलेला नाही. तो आमच्या वैनगंगेच्या काठापर्यंत आला आहे. तिकडे मी शेवटी वळणारच आहे.

‘लॉयल्टी’चे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर बॅरो-इन-फर्नेस नावाचे गोदीचे गाव आहे. तिथे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी हे जहाज बांधले गेले. १८९० मध्ये ते पाण्यात उतरले आणि १८९१ मध्ये पहिल्या सफरीला निघाले. वजन सुमारे ५,९०० टन. कॅनडातील व्हँकुव्हर ते जपान, चीन आणि हाँगकाँग हा त्याचा मार्ग. टपाल, रेशीम, चहा आणि ऐपतदार प्रवासी हा त्याचा माल. ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’ या त्याच्या दोन बहिणी होत्या. त्या काळात पॅसिफिक ओलांडणाऱ्या उत्तम जहाजांत या तिघींची गणना होई.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१४ च्या डिसेंबरात, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ते विकत घेतले. भारतीय जखमी सैनिकांसाठी त्याचे इस्पितळ केले आणि नाव ठेवले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. युद्ध संपले तसे इस्पितळाचे काम संपले आणि जहाज विक्रीला निघाले. सोलापूरच्या जैन कुटुंबातून आलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांना ही बातमी रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या वॉटसन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाकडून कळली, असे सांगतात. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी एकत्र येऊन मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. कंपनीच्या नावात ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नाव आले ते या जहाजामुळेच. कंपनीची नोंदणी मार्चअखेरची आणि जहाज निघाले ५ एप्रिलला. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी पुकारलेला देशव्यापी हरताळ होता. त्या आठवड्याची हवा कशी असेल, याची यावरून कल्पना यावी.

आता खरेदीदाराच्या नजरेने पाहू. वालचंदांपुढे फारसे पर्याय नव्हते. युद्धात असंख्य जहाजे बुडाली होती, नवे जहाज बांधून घ्यायला वेळ लागणार होता आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा व्यापार ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता. अशा वेळी समोर आलेले तयार जहाज घ्यायचे की हातचे घालवायचे, एवढाच प्रश्न उरतो. त्यांनी ते घेतले. ते धाडस होते आणि त्याला दाद दिलीच पाहिजे.

पण जहाजाला आपण कोणत्या धाडसासाठी विकत घेतले गेलो हे कळत नसते. ते ज्या कामासाठी बांधलेले असते, तेच काम त्याला येते. ‘एम्प्रेस’ बांधली होती वेगासाठी. टपाल वेळेवर पोहोचावे म्हणून भरपूर कोळसा जाळायचा आणि त्याची भरपाई महागड्या तिकिटांतून, रेशीम-चहाच्या भाड्यातून करायची, असे तिचे गणित होते. नव्या भारतीय कंपनीला हवे होते कमी खर्चात जास्त माल वाहणारे जहाज. त्यातच १९२० नंतर जगभर मालवाहतुकीचे दर कोसळले. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून स्पर्धा केली ती वेगळीच. १९२१ मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईत उभी करून ठेवली गेली आणि १९२३ मध्ये भंगारात गेली. त्याच वर्षी सिंदिया कंपनीला ब्रिटिश कंपन्यांशी १० वर्षांचा करार करून परदेशी मार्गांवरून माघार घ्यावी लागली आणि किनारी वाहतुकीवर समाधान मानावे लागले.

कंपनी बुडाली नाही. वालचंदांनी पुढे विशाखापट्टणमला स्वतःची गोदी उभारली. तिथे बांधलेले ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. म्हणजे जुन्या जहाजाने जे साधायचे ते साधले. पण त्यासाठी त्या जहाजाची कमाईची वर्षे मिळाली अवघी दोन.

आता दुसरे जहाज पाहा. त्याच बॅरो-इन-फर्नेस गावात, जिथे ‘एम्प्रेस’ बांधली होती, तिथे १९४४ मध्ये एका विमानवाहू नौकेचे काम सुरू झाले. युद्ध संपल्यावर काम रेंगाळले. १९५३ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९५९ मध्ये ‘एचएमएस हर्मीस’ या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. १९८४ मध्ये तिला सेवेतून काढले. १९८६ मध्ये भारताने ती घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती ‘आयएनएस विराट’ झाली. म्हणजे आपल्या नौदलात आली तेव्हा तिला सेवेत येऊन जवळपास २८ वर्षे झाली होती. ‘लॉयल्टी’इतकीच!

एकच गाव, एकच वय. पण ‘विराट’ त्यानंतर सुमारे ३० वर्षे चालली. ६ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली आणि २०२० मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडायला गेली. ‘विराट’चे पोलाद काही जादूचे नव्हते. मग फरक कशात होता?

पहिला फरक असा, की काय हवे हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक होते. सी हॅरियर विमाने आपल्या नौदलात १९८३ पासून होती आणि ‘हर्मीस’ तीच विमाने घेऊन लढली होती. दुसरा फरक म्हणजे जहाज ताब्यात घेण्याआधी ते इंग्लंडच्या डेव्हनपोर्ट गोदीत नेऊन दुरुस्त करून घेतले. नवे रडार बसवले, विमाने उतरवण्याची साधने सुधारली, बॉयलर वेगळ्या इंधनावर चालतील असे बदलून घेतले. तिसरा फरक सगळ्यात मोठा. घेतल्यानंतर त्याची निगा थांबली नाही. १९९३ मध्ये इंजिनाच्या खोलीत पाणी शिरून ‘विराट’ कित्येक महिने जायबंदी झाली होती. ती दुरुस्त केली, पुन्हा चालवली, ठरावीक काळाने पुन्हा गोदीत घेतली. दुसऱ्या शब्दांत, जहाजाची किंमत एकदा दिली आणि विषय मिटला असे झाले नाही. ती ३० वर्षे हप्त्याहप्त्याने देत राहावी लागली.

आपल्या नौदलाला हा धडा नवा नव्हता. स्वातंत्र्यानंतरची आपली पहिली मोठी युद्धनौका ‘आयएनएस दिल्ली’ हीसुद्धा वापरलेलीच. मूळची ‘एचएमएस अकिलीस’. १९३३ मध्ये सेवेत आलेली, १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत गोळे खाल्लेली. भारताने ती १९४८ मध्ये घेतली आणि १९७८ पर्यंत, म्हणजे पूर्ण ३० वर्षे चालवली. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईतही ती होती.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. रशियाची ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’. १९९४ मध्ये तिच्या बॉयलरच्या खोलीत स्फोट झाला होता आणि पुढे ती नुसतीच उभी होती. २००४ मध्ये करार झाला. सांगाडा फुकट, दुरुस्तीचा आणि बदलाचा खर्च भारताचा, असा त्याचा मथितार्थ. तो खर्च ठरला ९७.४ कोटी डॉलर. जहाज उघडून पाहिल्यावर कळले, की आतल्या केबलींसह अंदाजापेक्षा कितीतरी जास्त गोष्टी बदलाव्या लागणार आहेत. २०१० मध्ये सुधारित आकडा ठरला २३५ कोटी डॉलर. २००८ मध्ये मिळायचे ते जहाज २०१३ च्या नोव्हेंबरात ‘विक्रमादित्य’ म्हणून हाती आले आणि त्याआधी २०१२ च्या चाचण्यांत बॉयलरांनीच दगा दिला. ते जहाज आज नौदलात आहे आणि कामाचे आहे. पण ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ त्याने देशाला चांगलाच शिकवला.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दांची मुळे पाहण्याची सवय जडली आहे. ‘जहाज’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा मूळ अर्थ नौका असा नाहीच. त्याचा अर्थ साधनसामग्री, सरंजाम. एखाद्या कामासाठी जे जे लागते ते सगळे सज्ज करणे, हा त्या धातूचा भाव. मुलीच्या लग्नात जो ‘जहेज’ दिला जातो तो याच धातूतून आला. मयताच्या कफन-दफनाच्या तयारीला उर्दूत ‘तजहीज-ओ-तकफीन’ म्हणतात, तेही याच धातूतून. अरबीतून फारसी-उर्दूत येता येता सज्ज केलेल्या नौकेलाच ‘जहाज’ म्हणू लागले. सामग्री काढून घेतली तर उरतो तो लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा. जुन्या लोकांनी नाव ठेवतानाच अट घालून ठेवली होती म्हणायची.

अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. त्यात जहाजाचा धनी नाखुदा आहे. फारसीतले ‘नाव’ आणि ‘खुदा’, म्हणजे नावेचा मालक. आपली ‘नाव’ आणि ही ‘नाव’ एकाच घरच्या. सरहंग आहे, त्याचा आपल्याकडे सारंग झाला. तांडेल आहे, कोठार सांभाळणारा भंडारी आहे. वाट दाखवणारा आहे मुअल्लिम. हा शब्द वाचून मला विशेष गंमत वाटली, कारण मुअल्लिम म्हणजे शिक्षक. पाण्याची खोली, वारे, तारे जाणणारा तो शिक्षक. आणि याच यादीत एक माणूस असा आहे, ज्याचे काम जहाजात झिरपलेले पाणी बाहेर टाकणे. त्याच्यासाठी वेगळे पद, वेगळे नाव. लाकडी जहाज गळणारच, हे त्या लोकांनी गृहीत धरले होते. गळणार नाही अशी खात्री देणारा विक्रेता त्यांना भेटला असता, तर त्यांनी त्याच्याकडे संशयानेच पाहिले असते.

आता वैनगंगेकडे येऊ. आमचा जिल्हा तलावांचा. मालगुजारी तलावांवर आणि नदीवर धिवर समाजाचा डोंगा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. डोंग्याच्या खरेदीत फसवणूक अवघड. बनवणारा, विकणारा, वापरणारा सगळे पंचक्रोशीतले. लाकूड कोणते, किती पावसाळे खाल्ले, डांबर शेवटचे कधी लावले, हे गावाला माहीत असते.

पण नदी बदलली. १९८८ च्या एप्रिलमध्ये पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढे इंदिरासागर जलाशय भरत गेला. जिथे बांबू तळाला टेकवून डोंगा पुढे रेटता येई, तिथे आता बांबू पुरत नाही. पात्र रुंदावले, अंतरे वाढली. पर्यटकही येऊ लागले. त्यामुळे इंजिनाच्या बोटींची गरज आणि ओढ दोन्ही वाढली. नवी बोट परवडत नाही. मग नजर जाते किनाऱ्याकडच्या वापरलेल्या फायबरच्या बोटींवर.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका बोटीचे फोटो मोबाइलवर घेऊन घरी आला होता. चौघे मित्र मिळून घेणार होते. मासेमारी करायची आणि सुटीच्या दिवशी माणसे फिरवायची, असा बेत. म्हणाला, “सर, बोट तं एकदम नवीसारखी दिसते. रंग पाहा ना.” मी त्याला विचारले, “रंग नवा आहे, हे दिसतेच. पण तो आत्ताच का मारला?” त्याने विचार केला आणि हसला. मग आम्ही दोघांनी बसून विचारायच्या गोष्टींची यादी केली. मी काही बोटींतला जाणकार नव्हे. कामाला आला तो इतिहास, आणि ज्यांना यातले कळते अशा दोन-चार लोकांना केलेले फोन.

त्या यादीतले सगळ्यांच्या उपयोगाचे तेवढे इथे देतो.

‘लॉयल्टी’चा प्रश्न आधी विचारा: ही बोट कोणत्या कामासाठी बांधली होती? समुद्रातली वेगवान बोट जलाशयावर डौलदार दिसेल, पण मासे आणि माणसे वाहताना तिचे इंजिन तेल पिऊन कमाई संपवेल. आपल्याला किती माणसे, किती वजन, किती अंतर न्यायचे आहे ते आधी कागदावर लिहा आणि मग बोट पाहायला जा. बोट पाहून बेत आखू नका.

मग ‘गोर्शकोव्ह’चा प्रश्न: आत काय आहे? बोट पाण्यात तरंगत असताना सौदा करू नका. ती पूर्ण बाहेर काढायला लावा आणि खालून पाहा. फायबरवर फोड आहेत का बघा. बोटांच्या पेरांनी किंवा नाण्याने सगळीकडे ठोकून पाहा. जिथे आवाज एकदम बद्द येतो, तिथे आतले थर सुटलेले किंवा पाणी मुरलेले असण्याची शक्यता असते. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेले असते, ती इंजिन हलवून तपासा. ती लवत असेल तर आतले लाकूड कुजलेले असू शकते, आणि इंजिनासकट ती फळी निघणे म्हणजे काय, हे भर पाण्यात कळून उपयोग नाही. समुद्रावर चाललेले इंजिन मिठाने आतून खाल्लेले असते. ते तुमच्यासमोर थंड स्थितीतून सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पाहू नका. थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट बाहेर पडते का, धूर कसा येतो, हे पाहा. भार घालून अर्धा तास तरी चालवून पाहा.

कागदपत्रे शेवटी नव्हे, सोबतच पाहा. नदी-जलाशयातील यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा होता. त्याच्या जागी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी त्यात आवश्यक आहेत. इंजिनावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का, बोटीवर कुणाचे कर्ज तर नाही, हे पाहा. आणि विकणाऱ्याला दुरुस्तीची वही मागा. वही असेल, त्यात तेल बदलल्याच्या तारखा असतील, अगदी एखाद्या बिघाडाचीही नोंद असेल, तर ती बोट भरवशाची. कधीच काही बिघडले नाही असे सांगणाऱ्यापेक्षा, काय बिघडले आणि कसे दुरुस्त केले हे सांगणारा विक्रेता बरा.

शेवटी ‘विराट’चा प्रश्न. तो विकणाऱ्याला विचारायचा नसून स्वतःला विचारायचा आहे. घेतल्यावर तिला सांभाळणार कोण? चौघांच्या मालकीची वस्तू बहुतेक वेळा कुणाच्याच मालकीची नसते. माझ्या विद्यार्थ्याला मी म्हटले, बोटीच्या किमतीइतकाच विचार पुढच्या खर्चाचा करा. रोजच्या कमाईतला ठरलेला हिस्सा दुरुस्तीच्या डब्यात गेलाच पाहिजे, चौघांपैकी एकाचे नाव निगराणीसाठी ठरलेच पाहिजे आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवेच. एवढे होणार नसेल तर डोंगा बरा. तो हळू जातो, पण काठाजवळून जातो.

‘लॉयल्टी’मागे मुंबईचे शेठजी उभे होते. ‘विराट’मागे अख्खा देश उभा होता. आमच्या पोरांच्या मागे फार तर घरातले दागिने आणि सोसायटीचे कर्ज उभे असते. चुकीची बोट घेतली तर मुंबईच्या शेठजींप्रमाणे ती चार वर्षांनी भंगारात काढून पुढे जाता येत नाही. आणि ती बोट त्यातही मासे नाही, माणसे घेऊन निघालेली असेल, तर भंगारात जाण्याआधीच तिचा हिशेब होतो. त्यात कधी शाळेची मुलेही बसलेली असतात.

ते चौघे त्या बोटीकडे गेले. बाहेर काढून दाखवा म्हटल्यावर विकणाऱ्याने आज जमत नाही, उद्याही जमत नाही, असे सुरू केले. ते परत आले. आता दुसरी पाहताहेत. तिचा रंग उडालेला आहे, पण मालकाने पहिल्याच भेटीत वही पुढे केली, म्हणतात. येत्या पावसाळ्याआधी ती पाण्याबाहेर काढून दाखवायचे ठरले आहे. ठोकून पाहायला मीही जाणार आहे.